वहीतलं एकच नाव

हजेरीबाईंना खरं नाव होतं, पण ते विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही. तेवीस वर्षं निळी वही छातीशी धरून त्या शाळेच्या वर्गावर्गातून फिरल्या. पोरं म्हणायची हजेरीबाई, शिक्षक म्हणायचे हजेरीबाई, पोस्टमनही तेच म्हणायचा. स्वभाव म्हणाल तर भित्रा. किती भित्रा? घंटा वाजली की दचकायच्या, आणि घंटेचं वेळापत्रक त्यांनीच लिहून भिंतीला लावलेलं! हेडमास्तरांनी नुसतं "बाई, जरा या" म्हटलं तरी दारापर्यंत पोचेतो त्या तीनदा देवाचं नाव घ्यायच्या. आत गेल्यावर साहेबांना फक्त टाचणी हवी असायची.

घरात त्या आणि त्यांची नात, दोघीच. लेक-जावई कामासाठी दूरच्या गावी, म्हणून पोरगी आजीकडे राहून आठवीत शिकत होती. आजी जितकी भित्री तितकी नात आगाऊ. देवानं वाटप करताना एकीचा वाटा दुसरीला घातला असावा, दुसरं काय!

शाळेत रोज सकाळी प्रतिज्ञा होई. हेडमास्तर कचेरीत बसून ती माइकवर म्हणत आणि प्रत्येक वर्गात फळ्यावर लावलेल्या लाउडस्पीकरमधून ती ऐकू येई. पोरांनी उभं राहून फळ्याकडे पाहायचं, शिक्षकांनीही पोरांकडे पाठ करून तिकडेच पाहायचं, अशी या शाळेची जुनी पद्धत. त्यामुळे मागच्या बाकावर कोण उभं आहे नि कोण बसलंय, हे वर्षानुवर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

आणि एक दिवस वरून पत्रक आलं. प्रतिज्ञेला जो विद्यार्थी उभा राहणार नाही त्याचं नाव रोज लिहायचं. पाच नोंदी झाल्या की शाळेतून नाव कमी.

शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर त्याचा कीस पडला. गणिताचे सर म्हणाले, "उभं राहायला काय पाय दुखतात? मिनिटभराचं तर काम!" भाषेच्या बाई म्हणाल्या, "पाय नाही हो दुखत. पण धाकानं उभं केलेलं पोर मनात काय म्हणत असेल, ते कुठल्या वहीत लिहिणार?" चित्रकलेच्या मास्तरांनी हात जोडले. "मी वर्गात उभा, बसमध्ये उभा, घरी नळावर उभा. माझं देशप्रेम उतू चाललंय, ते कुणी लिहून घ्या रे!" सगळे हसले. हजेरीबाई हसल्या नाहीत, कारण नावं लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सगळे फळ्याकडे तोंड करून असताना व्हरांड्यातून खिडक्यांत डोकावत जायला दुसरं होतं कोण?

पहिल्याच दिवशी आठवीच्या खिडकीशी त्या थबकल्या. मागच्या बाकावर एक चष्मेवाली पोर बसलेली होती. ती शिंप्याची मुलगी. त्यांच्या घरात शपथ फक्त देवापुढे घ्यायची, माणसांपुढे नाही, अशी शिकवण. तीन वर्षं ती मान खाली घालून गप्प बसायची, तिचा कुणाला काही त्रास नव्हता. पण तिच्या शेजारी, तिचा हात धरून, बाईंची नात बसली होती. कालपर्यंत तर ही उभी राहायची!

बाईंनी वही उघडली आणि एक नाव लिहिलं, शिंप्याच्या मुलीचं. तिच्या घरची शिकवण सगळ्यांना माहीतच आहे, त्यांनी मनाला समजावलं, आपण काही नवीन सांगत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडलीय?

त्या दिवशी घरी पोचताच त्यांनी पोरीचे हात धरले. "उभी राहा गं बाई. पाया पडते तुझ्या. तुला काढलं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"नाही काढत," नात म्हणाली. तिनं सगळा हिशेब मांडला होता. "एकटी असली की पटकन काढतात, आजी. दोघी असल्या की विचार करतात. आणि त्यातली एक शाळेतल्या माणसाची नात! तू माझं नाव लिहिलंस ना?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "लिहिलं हो," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवसही तसेच गेले. रोज खिडकीशी आलं की बाई व्हरांड्यात दोन्हीकडे पाहून मगच पेन उघडायच्या. कुणी मागे वळून पाहिलं तर? खाडाखोड दिसली तर? रोज बाकावर दोघी बसलेल्या आणि रोज वहीत एकच नाव. नात त्यांच्याकडे पाहून मान डोलवायची, लिही म्हणून खुणावायची. आजीही मान डोलवायची.

पाचव्या दिवशी हेडमास्तरांनी वही पाहिली. माणूस वाईट नव्हता, तोही वरच्यांना भीतच होता. "एकच पोरगी आहे ना?" त्यांनी सुस्कारा सोडला. "एकीसाठी वर कोण भांडणार? दोघी-तिघी असत्या तर मी लिहून विचारलं तरी असतं." आणि त्यांनी सही केली.

बाईंच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. साहेब, दुसरी आहे. तीन शब्द फक्त. पण त्यांनी वही मिटली आणि छातीशी धरली.

दुपारी शिंपी दाखला न्यायला आला. कामावरून तसाच उठून आलेला, गळ्यात टेप. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं हलकेच विचारलं, "ताई, पोरगी म्हणते ती एकटी नव्हती. शेजारी मैत्रीण पण बसायची. खरं का हो?"

बाईंनी वही पुढे सरकवली. "वहीत एकच नाव आहे," त्या म्हणाल्या.

दारात काहीतरी धपकन पडलं. मैत्रिणीचं राहिलेलं दप्तर द्यायला नात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दप्तर उचललं, झटकलं, शिंप्याच्या हातात दिलं आणि आजीकडे न पाहता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञेला ती उभी राहिली. मागच्या बाकावर एकटी, ताठ. बाईंना वाटलं, सुटले बाई एकदाची!

त्या घरी आल्या तेव्हा नात खुर्चीत अभ्यास करत होती. आजी आत येताच ती उठून उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, नजर समोरच्या भिंतीवर. "अगं, बस की," बाई म्हणाल्या. ती बसली नाही. रुसली असेल, म्हणून बाई स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या. परत आल्या तर बसलेली पोर पुन्हा उभी. जेवलीसुद्धा ओट्याशी उभ्यानंच. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी बाईंना रडू फुटलं. "बस गं बयो. मार हवं तर मला, पण बस. तुझ्यासाठीच केलं ना मी सगळं!"

"माहीत आहे," नात म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी सोसला असता. "माझं नाव तू लिहिलं नाहीस. पण तुला कुणी अजून जास्त भीती घातली तर लिहिशील. मला तुझी भीती वाटते, आजी."

आयुष्यभर बाई सगळ्या जगाला भीत आल्या. त्यांना कुणी भ्यावं, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी नातीच्या खांद्याला हात लावायला एक पाऊल पुढे टाकलं, तशी पोर अंग चोरून भिंतीशी सरकली. बाई तिथेच थांबल्या. खोलीत दोन खुर्च्या होत्या, आणि त्या दोघी उभ्याच होत्या.