बघायची गाडी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे पिकअप बुक करणं. जुन्या टेम्पोचं तिच्या बाजूचं दार लागत नव्हतं, म्हणून बाजाराला जाताना ती मागं टोमॅटोच्या क्रेटवर बसायची. नव्या गाडीत पुढं बसायचं, एवढीच तिची हौस.

शोरूममध्ये काचेआड एक पिकअप उभी होती. ही म्हणाली, "हीच द्या की." टायवाला हसला, "मावशी, ही नुसती बघायची गाडी आहे." ही म्हणाली, "बघायची पोरगी असते बाबा, गाडी नसते."

मग सुरू झालं. कोटा आला नाही, वरूनच गाड्या सुटत नाहीत, पुढच्या महिन्यात नक्की. मी जाईन तेव्हा एक माणूस तीच गाडी फडक्यानं पुसत असायचा. जी चालायची नाही तिच्यावर धूळ बसू देत नाहीत, अन् ज्याला चालवायची त्याला बसवून ठेवतात. चहा मात्र पाजतात. वाट बघायला लावणाऱ्याला वाटतं, समोरच्याच्या घरी दिवस पोत्यानं भरून ठेवलेत. पिकलेला टोमॅटो थांबत नाही, माणूसही थांबत नाही. पण टाय बांधून एवढं कळत नाही.

श्रावणात ती तापानं गेली. दिवाळीनंतर टायवाल्याचा फोन आला, "अभिनंदन काका, गाडी आली. मावशींना घेऊन या, हार घालून फोटो काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी बुकिंग मोडलं. तो म्हणाला, "काका, परत लवकर नंबर लागायचा नाही."

म्हटलं, "आता घाई कुणाला आहे?"