खामपेंगमावशीचा नाला

थायलंडातल्या लाम्पांगच्या बागेत खामपेंगमावशी बावीस वर्षं माळीकाम करत होती, आणि त्यातली दहा तरी वर्षं तिचं नाल्याशी भांडण चाललं होतं. नाला एरवी दिसायला गरीब. पण पावसाळ्यात बागेतलं सगळं पाणी पोटात घेऊन असा सुटायचा, की दर साली काठाचा हातभर लचका तोडायचा. यंदा तो म्हाताऱ्या शिरीषाच्या मुळांशी येऊन ठेपला.

नगरपालिकेचा इंजिनिअर अनान आला आणि काठापासून दोन हातांवर त्यानं लाल खुंटी ठोकली. "मावशी, पाऊस सरेस्तोवर काठ इथवर खचला, तर सिमेंटचा नाला करायचा. झाड मधे येतंय, ते काढावं लागेल."

"झाड आधीपासून आहे, बाळा. मधे तू येतोयस."

त्याच शिरीषाखाली नवऱ्यानं तिला मागणी घातली होती, आणि तिथेच पुढे तीस वर्षं तो दुपारचा घोरला होता. आता तो नव्हता. झाडही जायचं म्हणजे मावशीनं चिकटभाताचा डबा सोडायचा कुठं?

तिनं उतारावर आडव्या रांगांनी वाळ्याचे ठोंब लावले, चार-चार बोटांवर. वरून नुसती दाढीची खुंटं. पण मुळं पुरुषभर खाली जाऊन माती धरतात. तेवढी जायला उसंत मात्र हवी. आणि संध्याकाळी गाण्याच्या तालावर व्यायाम करणाऱ्या बायका नेमक्या तिथूनच नाला ओलांडायच्या. पुढं त्यांची म्होरकी, वीलाई.

"अगं, माझं गवत तुडवू नका!"

"तुडवल्यानं दाट होतं म्हणे, मावशी."

"तू दहा वर्षं उड्या मारतेस, झालीस का बारीक?"

बायका हसल्या आणि तिथूनच गेल्या.

मग मावशीनं शिरीषाला तीनरंगी कापड गुंडाळलं. कापड बांधलेल्या झाडात बाई, म्हणजे झाडाची देवता, राहते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता तरी लांबून जातील, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी झाडाशी बाईच्या नैवेद्याला झेंडूचे हार आणि लाल सोड्याच्या चार बाटल्या! पावडर चोळली की बाई सालीवर लॉटरीचा आकडा दाखवते म्हणतात; वीलाईनं खोडाला चोळली, तिला सत्तेचाळीस दिसला, आणि सोळा तारखेच्या लॉटरीत तोच आकडा लागला. मग काय, अख्खा बाजार पावडरीचे डबे घेऊन काठावर लोटला. हत्ती नाचून गेल्यागत पहिली रांग आडवी झाली. काठ ढासळला, खुंटीपर्यंत उरली एक वीत.

मावशी खराटा आपटत गर्दीत घुसली. "बाई माझ्या स्वप्नात आली होती!"

"आकडा दिला?" वीलाईनं आधी विचारलं.

"कसला आकडा! पाय दुखतायत म्हणाली. तुम्ही तिच्या पायांवर उभ्या आहात."

सगळ्या टुणकन बाजूला झाल्या.

"सोडा नको म्हणाली, मुंग्या येतात. आकडा हवा त्यानं उताराच्या खालून येऊन, चपला काढून, वाळ्याचा एक ठोंब लावायचा. चार बोटांवर. पाच झाली की आकडा चुकतो!"

दुपारी सगळं सामसूम झाल्यावर मावशीनं झाडापुढं हात जोडले. "बाई, तुझ्या नावानं खोटं बोलले. झाडासाठी बोलले. रागावलीस तर माझाच आकडा चुकव." आणि इकडंतिकडं बघून स्वतःच एक लाल सोडा ठेवला, नळी घालून. मुंग्या आल्या त्या तिनं मुकाट्यानं झाडल्या.

पावसाळा सरेतो वाळ्याच्या अकरा रांगा झाल्या. आकडा परत कुणालाच लागला नाही; जी ती शेजारणीची बोटं जाड म्हणायची. नाल्याला तीनदा पूर आला, गढूळ पाणी वाळ्यात अडखळलं, गाळ तिथंच टाकून गेलं.

अनान टेप घेऊन आला. खुंटीपर्यंत अजून वीतच. त्यानं दोनदा मोजलं, कागदावर काहीतरी खोडलं आणि 'झाड राहू दे' असं लिहिलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून बूट काढले, लावायला ठेवलेल्या ढिगातला एक ठोंब उचलला आणि उतारावर खोचला.

शिरीषाआडून मावशी आली, वाकली आणि ठोंबाशेजारी बोटं टेकवली.

"सहा झाली, साहेब. उपटा."