धामणाची कावड

परवा साकीनाक्याला एका गाळ्यासमोर अळशीच्या तेलाचा वास आला आणि मला दादाचं धनुष्य आठवलं.

माझा थोरला भाऊ फर्निचर करायचा आणि हौसेने लाकडी धनुष्यं बनवायचा. त्यासाठी त्याला धामणाचं लाकूड हवं असे, कारण ते वाकतं पण सहसा मोडत नाही. मुंबईत मात्र ते कुठेच मिळेना. घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या कमलकाकूंना हे कळलं, तेव्हा त्यांनी माळ्यावरून नवऱ्याची जुनी कावड काढून दिली. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावी ते त्याच धामणाच्या दांड्यावर पाणी वाहत.

दादा म्हणाला, "काकू, तासताना मोडली तर?"

"मोडली तर मोडली. माळ्यार पडान काय करतली ती?"

दादा हळूहळू तासत, वर अळशीचं तेल चोळत गेला. काकू संध्याकाळी येऊन नुसत्या बघत बसत. शेवटी दोरी चढवून त्याने ताण दिला, तेव्हा लाकूड करकरलं. पण ते टिकलं. काकूंनी मधल्या गुळगुळीत भागावरून बोट फिरवलं. "हयसर त्यांचो खांदो टेकायचो," त्या म्हणाल्या, आणि धनुष्य दादाच्या हातात देऊन भात लावायला निघून गेल्या.

तेव्हा मला वाटलं, म्हातारीने अडगळ काढली. आता माझे यजमान गेल्यावर त्यांचं हेल्मेट दारामागेच लटकतंय. शेजारच्या प्रशांतने ते एकदा मागितलं होतं. मी त्याला सांगितलं, पट्टा तुटलाय. पट्टा चांगला आहे.