दौलतरावांचा बोरू

दौलतराव कुणाचं अंगण बघायला आले की आधी घराकडे पाठ करत. मग गुडघाभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतत आणि ते जिरेपर्यंत कडेला उकिडवे बसून राहत. मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. आमच्याकडे ते असे पाऊण तास बसले. मी दोनदा चहाला विचारलं, दोनदा त्यांनी नुसता हात हलवला. शेवटी उठून म्हणाले, "बाई, पानी जाऊनच नाही राहिलं. खाली सारा मिस्तऱ्याचा कचरा आहे."

ते खरं होतं. नागपुरात तेव्हा नवे लेआउट पडत होते, त्यातल्या एकात आम्ही घर बांधलं. विटांचे तुकडे, चुना, फुटकी कवेलू, सगळं अंगणात पसरून मिस्त्र्यानं वर मुरूम टाकला होता. पाच वर्षांत त्यावर फक्त गाजरगवत माजलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेजारच्या प्लॉटवर मालतीबाई राहायला येईपर्यंत.

मालतीबाईंच्या गुलाबांपाशी येणारे-जाणारे थांबत. आमचे हेही ऑफिसातून येताना सायकलवरून उतरून थांबत आणि घरात शिरल्यावर, चपला काढायच्याही आधी, "काय गुलाब आहेत!" म्हणत. मी सकाळचा स्वयंपाक उरकून, शाळेत शिवणाचे तास घेऊन, घर आरशासारखं ठेवत होते. त्याबद्दल चपला काढायच्या आधी कुणी काही बोललं नव्हतं. मला हेवा वाटला, चांगला पोटात दुखेल असा. मालतीबाईंची बाग ज्यानं केली तोच माणूस मला हवा होता आणि बाग त्यांच्यापेक्षा चांगली हवी होती.

दौलतराव कुहीकडचे, घरची धानाची शेती. शहरात येऊन बागांचे ठेके घेत. चार मजूर बायका आणि ते स्वतः, एवढाच पसारा. माझ्या अंगणात त्यांनी उन्हाळाभर नुसतं खोदलं. गुलाब कधी लावायचे, हे मी रोज विचारायची.

"काहून घाई करून राहिल्या, बाई? मातीले आधी जेवू घाला, मंग कामाले लावा."

पाऊस पडल्यावर त्यांनी सगळीकडे बोरू पेरला. बोरू म्हणजे ताग. धानाच्या शेतात तो वाढवतात आणि कोवळा असतानाच मातीत गाडून टाकतात, त्याचं खत होतं. "कळी धरली का गाडाचा. मी येतो त्या टायमाले," असं सांगून ते गेले.

बोरू पुरुषभर वाढला. दौलतराव ठरल्याप्रमाणे श्रावणात फावडं घेऊन आले, तेव्हा शेंड्यांवर नुकती पिवळी फुलं दिसायला लागली होती. त्याच्या आदल्याच संध्याकाळी आमचे हे पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या फाटकाशी थांबले होते.

"महालक्ष्म्या होऊ द्या," मी म्हणाले. "हळदीकुंकवाला बायका येतील. मग गाडा."

"बाई, हे बाग नाही. हे खत आहे."

"असू द्या. तीन आठवड्यांनी काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मालतीबाईले दाखवाचं आहे का?"

"नाही!" मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं. "तुमचं आंगन, तुमचा बोरू."

महालक्ष्म्यांच्या दिवशी अंगण पिवळंधमक झालं होतं. मालतीबाई फाटकातच थबकल्या. "अय्या, किती सुंदर! कुठून आणलीत ही झाडं?"

"मागवली," मी म्हणाले. किती वेळ टिकलं ते सुख? त्यांच्या मागून त्यांच्या सासूबाई आत आल्या, तेवढाच वेळ. म्हातारीचा जन्म खेड्यात गेलेला. "अवं, हा त बोरू व्हय! आमी वावरात गाडत होतो. तू काहून असा मिरवून राहिली?" सगळ्या बायका हसल्या. मालतीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला. दौलतराव आले, एक झाड वाकवलं. ते तुटलं नाही, सालीचे धागे निघाले. "आता हा कुजत नाही, बाई. आता याचे दोर वळा." टोमणा नव्हता तो. त्यांनी सगळा बोरू कापून नेला, भिजवला आणि खरोखरच दोर वळून आणला. अंगणात कपडे वाळत घालायला बांधूनही दिला. गुलाबांचं विचारलं तर म्हणाले, "उपाशी मातीत मी झाड लावत नाही. दुसरा माळी पाहा." मी पाहिला नाही. वर्षभर त्या दोरावर कपडे वाळत घातले, समोर मालतीबाईंचे गुलाब बघत.

पुढच्या पावसाळ्यात मीच पुन्हा बोरू पेरला. कळ्या धरताच मी बस पकडून कोराडीला गेले. तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीत त्यांचं काम चालू होतं. राखेनं पांढरे झालेले ते उभे राहिले. मी म्हणाले, "कळी धरली." ते म्हणाले, "उद्या येतो." घरी आमचे हे म्हणत होते, जरा फुलू दे ना. मी पदर खोचून त्या चार बायकांबरोबर माती ओढायला उतरले.

थंडीत गुलाब आले. दौलतराव बघायला आले नाहीत, धानाची कापणी होती. "फूल त कोनीबी पायते," म्हणायचे. पण दर मृगाला यायचे, मूठभर माती उचलायचे, नाकाशी धरायचे, टाकून द्यायचे. बोलायचे काहीच नाहीत. मी दर वर्षी वाट बघायची. तिथून ते मालतीबाईंकडे जात. त्यांच्या व्हरांड्यात तासभर चहा आणि गप्पा. भिंतीपलीकडून आवाज आले की मी नळ मोठा सोडायची.

अशी नऊ वर्षं गेली. मागच्या मृगाला ते आले नाहीत. एका दुपारी मालतीबाई फाटकाशी आल्या, डोळे लाल. "दौलतराव गेले. मुलगा आत्ता सांगून गेला."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की निरोप आधी यांच्याकडे का. तोंडातूनही तेच निघालं. "तुमच्याकडे बरा आला सांगायला."

"माझ्याकडे?" त्या रडता रडता संतापल्या. "नऊ वर्षं माझ्या व्हरांड्यात बसून तुमच्याच मातीचं कौतुक करून राहिले होते ते! किती भुसभुशीत, किती गांडुळं. 'तुमची माती त्या बाईच्या मातीवानी नाही', असं माझ्या तोंडावर. माझाच चहा पिऊन!"

"मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत," मी म्हणाले. त्या मेलेल्या माणसाचा मला भयंकर राग आला होता. "काय काय म्हणाले, सगळं सांगा."

"नऊ वर्षांचं आहे," मालतीबाई नाक पुसत म्हणाल्या. "आधी चहा टाका."