एशुन मिस्त्रींची नजर

घानातल्या ताकोराडी शहरात कोबिना एशुन यांना सगळे वायरमन म्हणत, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. ते घरातल्या दिव्यांचा उजेड जुळवून देत. आमच्या दुकानातून लोक एलईडीच्या पट्ट्या, त्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या छोट्या डब्या आणि हे सगळं फोनवरून चालवायची यंत्रणा घेऊन जात, आणि जाताजाता एशुन मिस्त्रींचा नंबर मागत. मी त्या दुकानाचं कार्यालय सांभाळतो. आमची ओळख सव्वीस वर्षांची.

आमच्याकडे घर एका दमात उभं राहत नाही. जमेल तशी एकेक खोली चढते, आणि दिव्यांच्या पट्ट्याही वर्षावर्षाने गोळा होतात. खोक्यावरचं नाव तेच असतं, पण उजेड सारखा पडत नाही. फोनवर दोन पट्ट्यांना चाळीसचा आकडा दिला तर एक मिणमिणते आणि दुसरी डोळ्यांवर येते. मिस्त्री खोलीच्या मधोमध उभे राहत, डोळे बारीक करून एकीला एकतीस देत, दुसरीला सेहेचाळीस, आणि भिंत अशी उजळे की पट्टी कुठे जोडली आहे ते शोधून सापडू नये.

"आकडा डबीला कळतो हो," ते म्हणायचे. "पण भिंत कशी दिसते ते तिला काय कळणार, कारकूनसाहेब? त्याला मी लागतो."

गेल्या मार्चपासून तक्रारी यायला लागल्या. कुणाची बैठक अंधारी, कुणाचं जेवणघर भगभगीत. मिस्त्री हसून उडवून लावायचे. "लोकांना हल्ली घरात लग्नाच्या हॉलसारखा उजेड लागतो!" एकदा दुकानाच्या पायरीवर ते माझ्यासमोरच ठेचकाळले. मी पायरीलाच दोष देऊन मोकळा झालो.

ऑगस्टमध्ये अराबा मावशींनी येऊन माझ्या टेबलावर हात आपटला. तीस वर्षं लंडनमध्ये नर्स म्हणून काम करून त्या परतल्या होत्या. शेजारच्या सेकोंदी गावाच्या टेकडीवरचं त्यांचं घर नऊ वर्षांनी पुरं झालं होतं आणि रविवारी पाद्री प्रार्थनेला येणार होते.

"तुमच्या मिस्त्रीने माझ्या बैठकीचा झेब्रा केलाय!"

दुपारी मी मिस्त्रींना घेऊन तिकडे गेलो. मावशींनी जाड पडदे ओढले, दिवे लावले. छतालगत चार पट्ट्या होत्या. दोन लखलखीत, एक बेताची, एक जेमतेम. माझ्यासारख्यालाही ते क्षणात दिसलं.

मिस्त्रींनी फोन पुढे केला. "चारींना चाळीस आहे, मावशी. बघा ना."

"आकडे मलाही वाचता येतात रे. भिंत बघ."

"बघतोय."

"एकसारखी दिसते?"

"दिसते की."

मावशींचा आवाज उतरला. "तू मंगळवारी जन्मलास म्हणून कोबिना, मी मंगळवारी जन्मले म्हणून अराबा. दोघंही हट्टी. आता माझं ऐक. माझ्या नाकाकडे बघ आणि नजर हलवू नकोस." त्यांनी दोन्ही हात बाजूंना लांब केले. "या हाताची बोटं किती?"

"दोन."

"आणि या?"

"तीन... नाही, दोन."

मावशींच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा मिस्त्री मटकन खुर्चीत बसले.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. कडेचं दिसत नाही. मधलं दिसतं, तेही धुक्यातून."

"आणि दवाखाना?"

"गेलो असतो तर त्यांनी सांगितलं असतं ना."

"हा काचबिंदू वाटतोय. उद्या जायचं. औषधाने उरलेली नजर टिकते," मावशी म्हणाल्या. "गेलेली येत नाही, कोबिना. तुला खोटं नाही सांगणार."

"हे काम तरी पुरं करून जातो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी फोन नाकाशी धरला. मावशी भिंत बघून सांगत गेल्या. "पहिली कमी. अजून. थांब. तिसरी वाढव." वीस मिनिटांत बैठक एकसारखी उजळली.

"बघ, झालं की!" मावशी उत्साहाने म्हणाल्या. "असंही काम करता येईल तुला."

"भिंत तुम्ही बघितलीत, मावशी. आकडा काय, कोणीही बदलेल. मग मला कशाला बोलवायचं?"

मावशींनी पडदे उघडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं. उजवा डोळा जवळजवळ गेला आहे. डाव्यासाठी रोज दोन वेळा थेंब, जन्मभर. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी त्याच आठवड्यात विकली. रविवारी मावशींनी आग्रहाने बोलावलं होतं, तरी ते आले नाहीत. पाहुणे बैठकीचा उजेड वाखाणत होते आणि मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, "आमच्या एशुन मिस्त्रीचं काम."

त्यामुळे सोमवारपासून दुकानात त्यांच्या नंबरची विचारणा वाढली. मी दुसऱ्याच एका माणसाचा नंबर लिहून देतो. पहिल्या दिवशी सवयीने एशुन मिस्त्रींचाच नंबर लिहून खोडला होता. आता खोडावा लागत नाही.