औषधाचा पाहुणचार

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. लग्नानंतरची दोन वर्षं मी माझ्या आत्याबाईंना घाबरून काढली, आणि तिसऱ्या वर्षी भर दवाखान्यात त्यांच्यावर ओरडले. ते ओरडणं पाण्यावरून होतं.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं गाव घोडेगावच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. विहिरीच्या तळाचे दगड उघडे पडले होते, जनावरं छावणीत होती, आमचे हे खडी फोडायच्या कामावर जात होते. एक दिवसाआड टँकर यायचा. घराला चार हंडे पाणी, त्यातच सगळं. आत्याबाई त्या पाण्याच्या राखणदार. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, भांड्यांचं पाणी शेळीला. मी एक चूळ जास्त भरली तरी त्यांना ती आतल्या खोलीत ऐकू यायची.

त्याच वर्षी त्यांच्या मानेत गाठ आली. पुण्याला नेलं, तुकडा काढून तपासला, आणि कॅन्सर निघाला. पण ही गाठ औषधाने विरते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तीन-तीन आठवड्यांनी एकदा, असं सहा वेळा सलाईनमधून औषध घ्यायचं. त्यांच्या चिठ्ठीवर नगरच्या एका दवाखान्यात ते द्यायची सोय झाली. घरात बायकांत लिहिता-वाचता येणारी मी एकटी, सातवी पास, म्हणून बरोबर माझी नेमणूक झाली.

तिथे एक सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायाला भिंगरी लावलेल्या. सुई घातली की त्या आधी नुसतं सलाईन सोडून बघायच्या, शीर नीट लागली आहे याची खात्री करायच्या, आणि मगच औषध. ते उतरत असताना दर थोड्या वेळाने येऊन आत्याबाईंचा हात चाचपायच्या. "मावशी, जळजळतंय? फुगल्यासारखं वाटतंय? सोसू नका हं, लगेच सांगा." बाईमाणसाला सोसू नको म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

पहिल्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं पढवलं. उलट्या होतील. केस जातील, पण परत येतील. तोंड येईल. थोडाही ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता घेऊन ये. गर्दीत नेऊ नको.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. आज आणि पुढचे दोन दिवस, जाग्या असतील तोवर दर तासाला फुलपात्रभर. लघवी तुंबवून ठेवायची नाही. या औषधाचं काम झालं की ते लघवीवाटे निघतं. पाणी कमी पडलं तर लघवीच्या पिशवीत बसून राहतं आणि पिशवी आतून जाळतं. घरी पाणी आहे ना?"

"रांजण भरलाय," मी म्हटलं. परक्या माणसासमोर घरात पाणी नाही असं म्हणायला आमची जीभच वळत नाही.

घरी आल्यावर मी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला लागले. एक फुलपात्र, एक रेघ. उलट्या झाल्या, त्या त्यांनी काही न बोलता काढल्या. पंधरवड्यात फणीला केसांचे झुपके यायला लागले. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडती कशाला? आता डोस्कं धुवायला पानी लागनार न्हाई."

दुसऱ्या खेपेनंतर तिसऱ्या दिवशी त्या सारख्या निवडुंगाच्या कुंपणामागे जायला लागल्या. ओटीपोट दाबून परत यायच्या. मग मला त्यांच्या लुगड्यावर रक्ताचे डाग दिसले. विचारलं तर त्या लाजून चूर झाल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "पाळी परत आली गं ह्या वयात. कुनाला सांगू नको." मला क्षणभर हसू आलं, आणि लगेच सिस्टरांचं पिशवी जाळण्याचं बोलणं आठवलं. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही नगर गाठलं.

सिस्टरनी पहिला प्रश्न पाण्याचाच केला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पहिल्या दिवशी दहा रेघा, दुसऱ्या दिवशी चौदा. सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या आत्याबाईंकडे बघत होत्या.

आत्याबाईंनी पदर पुढे ओढला. "पेले की. एक-दोन घोट."

"आणि उरलेलं?"

"ही भाईर गेली की रांजनात वतायची. पन उष्टं न्हाई केलं बाई, वरून पेले."

तिथे माझं डोकं फिरलं. "मी भिंत काळी केली, आन तुमी पानी माघारी वतत हुत्या? मरायचंय का तुमाला?" अख्खा वॉर्ड उठून बसला.

"समदं पानी मीच ढोसलं तर तू काय पिशील?" आत्याबाई एवढंच म्हणाल्या. मला त्याचाही रागच आला.

त्यांना चार दिवस ठेवून घेतलं, सलाईनवर सलाईन लावलं, आणि रक्त थांबलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की पुन्हा रक्त आलं तर हे औषध बंद करावं लागेल, आणि गाठ अजून निम्मी शिल्लक आहे. म्हणजे आत्याबाई जगणार की नाही ते आता फुलपात्रावर येऊन ठेपलं होतं. मी समजावलं, शपथा घातल्या, धाक दाखवला. त्या मान हलवायच्या, आणि मला पक्कं ठाऊक होतं की घरी गेल्यावर ही बाई पाणी रांजणातच ओतणार.

निघायच्या दिवशी सिस्टर स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या. "मावशी, घरी पाहुणा आला तर आधी काय देता?"

"पानी. गूळ असला तर गूळ-पानी."

"दुष्काळातसुद्धा?"

आत्याबाई दुखावल्या. "काय इचारता बाई! माझ्या दारातनं पाहुना तहानेला जाईल व्हय?"

"मग हे औषध पाहुणा आहे. तीन दिवसांचा. तुमच्याच कामाला आलाय. पाणी तुम्हाला नाहीच प्यायचं, त्याला पाजायचंय. तुमच्या तोंडातून जातं, एवढंच."

आत्याबाईंनी उशाजवळचं फुलपात्र उचलून आत बघितलं. मग म्हणाल्या, "आसं आदी सांगायचं न्हाई का?"

तिसऱ्या खेपेपासून त्या स्वतः हाक मारायला लागल्या, "अगं, पाहुन्याची येळ झाली." फुलपात्र पूर्ण रिकामं करून मला उलटं धरून दाखवायच्या. माझी सातवी आणि माझा घसा जिथे चालला नाही, तिथे सिस्टरचं एक स्टूल चाललं. एवढं शहाणपण त्या कुठे शिकल्या होत्या, देव जाणे. मी अजून त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. पाचवी खेप पार पडली तेव्हा मानेतली गाठ चिंचोक्याएवढी राहिली होती.

सहावी, शेवटची खेप वैशाखात आली. औषध घेऊन आम्ही संध्याकाळी घरी पोचलो, तर टँकर आलाच नव्हता. वाटेत कुठे बंद पडला म्हणाले. शेजारीपाजारीही हंडे पालथेच होते. रांजण कलता करून मी तांब्याने तळ खरवडला. जे निघालं ते पाहुण्याचं होतं, म्हणून मी पाणी पिणं सोडलं. त्यात मोठेपणा नव्हता, पाणीच तेवढं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी फुलपात्र तोंडाशी नेलं आणि खाली ठेवलं.

"तू कवा पेलीस?"

"मघाशी."

"खोटं बोलू नको. तुझं फुलपात्र कालधरनं पालथं हाय. चुलीची राख बसलीया त्याच्यावर."

ज्या गोष्टीसाठी मी त्यांना अख्ख्या वॉर्डासमोर झापलं होतं, तीच मी करत होते, आणि त्यांनी मला तशीच पकडली होती. मला वाटलं, आता ह्या पाणी पिणार नाहीत, रक्त येणार, सगळं पाण्यात. पण त्या उठल्या, बोडक्या डोक्याला फडकं गुंडाळलं, उरलेलं पाणी तांब्यात घेतलं. "चल सिस्टरबाईकडं. तितं नळ हाय."

बैल छावणीत, म्हणून फाट्यापर्यंत चालत. माझ्या खांद्यावर त्यांचा हात. दर थोड्या वेळाने त्या थांबायच्या, एक घोट घ्यायच्या आणि तांब्या माझ्यापुढे करायच्या. मी घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नव्हत्या. तांब्या एस.टी.त संपला.

सिस्टर वॉर्डाच्या दारातच भेटल्या. मी काहीतरी थाप मारायच्या बेतात होते. आत्याबाईंनी मला मागे सारलं आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात पानी न्हाई."

उभ्या जन्मात त्यांनी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. मी खाली बघत राहिले.

सिस्टरनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग आत जाऊन वॉर्डात एक खाट मोकळी करून घेतली. आम्ही तीन दिवस नळाजवळ राहिलो. रक्ताचा टिपूसही आला नाही. पुढे उरलेली गाठही विरली, ती परत आली नाही, आणि आत्याबाई आणखी बारा वर्षं जगल्या. पाणी सांडलं म्हणून माझ्यावर डाफरणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

पण त्या दिवशी दारात सिस्टरनी आणलेला तो पहिला पेला मी विसरत नाही. काठोकाठ भरलेला, गार. त्यांनी तो आत्याबाईंच्या हातात दिला. आत्याबाईंनी तो तसाच माझ्या हातात दिला आणि सिस्टरना म्हणाल्या, "पाहुना थांबंल घटकाभर. आदी माझ्या पोरीला पिऊ द्या."