दक्षिणेकडं पाय

माझ्या लेकानं एकांकिकेत मेलेल्या पोराचं काम घेतलं, तेव्हा मी हातातलं लाटणं आपटलं. "कॉलेजात दुसरं कुणी नाय का मरायला?" असं तोंडातून निघालं आणि लगेच जीभ चावली. पडेगावात आमच्याच गल्लीतल्या त्याच्या मित्राला वाढदिवसाच्या बॅनरवरून भांडण होऊन सुरा मारला होता. पोरगं गेलं. त्याच्यावरच या पोरांनी नाटक लिहिलं, सगळं कवितेत. मारणाऱ्यांतला एक जामिनावर सुटून नाक्यावर उभा राहायचा. लेकाला म्हणाला, "लई नाटकं सुचायलीत का तुला?" तेव्हापासून लेक घरी येईस्तोवर मी दारातच उभी.

लेक ऐकेना. मग मी जेवण सोडलं आणि एकच अट घातली, पडल्यावर पाय दक्षिणेकडं करायचे नाहीत. आमच्यात मढं तसं ठेवतात, जित्या माणसानं तसं निजायचं नसतं. पोरं हसली. पण नाटक बसवणाऱ्या पोरीनं कॉलेजच्या हॉलमध्ये मोबाइलवर दिशा बघून पाय कुठं यायचे त्याची खडूनं खूण केली. "काकू, आता तरी जेवा," म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी दुपार उतरताना मी नाट्यगृहात गेले. शेजारच्या खुर्चीवर बघते तर त्या गेलेल्या पोराची आई! तिच्याकडं बघायचा धीर होईना. मी आपली दारातून येणारा एकेक चेहरा निरखत बसले. नाक्यावरचा तो आला तर? तो काही आला नाही, तरी माझी नजर दारावरच.

रंगमंचावर भांडण झालं, लेक पडला. कुणीतरी गळ्यापर्यंत पांढरी चादर टाकली. तो पडल्या पडल्याच बोलायला लागला:

"आई, दार लावून घे, मी आज येणार नाही,
ताट तेवढं मांडून ठेव, भूक मेलेली नाही..."

पुढच्या ओळी मला ऐकूच आल्या नाहीत. आत शिरताना ऊन सरळ पाठीवर आलं होतं. म्हणजे दार पश्चिमेला, आणि आमची तोंडं पूर्वेला. मग उजवा हात दक्षिण! पोरांनी इथली दिशा न बघताच कॉलेजातली खूण जशीच्या तशी केली होती, आणि लेकाचे पाय बरोबर उजवीकडं. आता तो बोलायचाही थांबला होता. छाती हलतेय का नाय, ते दिसेना. खड्ड्यात गेलं नाटक, म्हणत मी उठले.

शेजारून पदर ओढला गेला. "बस खाली," ती म्हणाली. "श्वास चालू हाय त्याचा. मघापासून मी तेच बघायले."

मी बसले. मीही त्याच्या छातीकडं बघत राहिले.

नाटक संपलं. पोरं हात धरून रांगेत उभी राहिली, लेकही उभा राहिला. माणसं टाळ्या वाजवत होती. मला रडू आवरेना.

"उठला बघ तुझा," ती म्हणाली. "ने त्याला घरी. नाक्यावरून मी येते संगं."

लेकाला मधी घालून आम्ही दोघी निघालो.